सागवानी नावेची निगा

हिंगोलीसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या प्रदेशात ज्याचे सारे आयुष्य गेले, अशा मनुष्याने नावेच्या लाकडाविषयी लिहावयास बसावे, हे पाहून वाचकांस थोडे हसू आले तर आम्ही त्यांस दोष देणार नाही. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या आमच्या नद्या. उन्हाळ्यात त्यांत वाळू फार आणि पाणी थोडे. पावसाळ्यात पूर आला आणि पैलतीरी जाण्याची निकड पडली, तर उसाचा रस आटविण्याची मोठी काहील पाण्यात लोटावी व तीत जीव मुठीत धरून बसावे, एवढेच आमच्याकडील पूर्वीचे नौकाशास्त्र. परंतु सन १९६८ मध्ये पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे पुरी झाली, खोऱ्यात कोसच्या कोस पाणी पसरले, आणि ज्या कुटुंबांची शेते पाण्याच्या दोहों बाजूंस विभागली गेली, त्यांस नाव ही नांगराइतकीच गरजेची वस्तू होऊन बसली. आमचे कुटुंब त्यांपैकी एक होय. त्या काळी हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा होण्यास १ मे १९९९ हा दिवस उजाडावा लागला.

आमचा जुना वाडा पाण्यात जाणार हे निश्चित होताच आजोबांनी तो आपल्या देखरेखीखाली उतरवून घेतला. माती आणि दगड मागे राहिले. सागाच्या तुळया, खांब, दारे, माजघरातील झोपाळा हे सर्व बैलगाड्यांवर चढून वरच्या अंगास नव्या जागी आले. नवे घर बेताचे बांधले, म्हणून पुष्कळ लाकूड उरले. त्यातील तुळया करवतीने चिरून ज्या फळ्या निघाल्या, त्यांचीच ही नाव. लांबी पंधरा फूट, तळ सपाट, फळीची जाडी सव्वा इंच. बांधणारा सुतार जन्मभर बैलगाड्या करीत आलेला. नाव कशी असते हे त्यास गोदावरीकाठच्या एका भोयाने जमिनीवर काडीने रेघोट्या ओढून शिकविले. तुळयांस पूर्वी ज्या ठिकाणी भोके होती तेथे सागाच्याच खुंट्या ठोकल्या असल्याने आजही जाणत्यास कोणती फळी कोणत्या दालनातील हे ओळखता येते. बसावयाचा मधला पाट म्हणजे आमच्या आजीच्या झोपाळ्याची फळी. पुढच्या टोकास, ज्याला कोकणात नाळ म्हणतात तेथे, वाड्याच्या मुख्य दारावरची गणेशपट्टी आडवी बसविली आहे. गणपतीस पाण्याच्या दिशेने तोंड करून बसविणे योग्य की अयोग्य, यावर त्या वेळी घरात दोन दिवस चर्चा चालली होती असे वडील सांगत. विघ्न जिकडून येण्याचा संभव, तिकडेच विघ्नहर्त्याने पाहावे, हा आजोबांचा निर्णय सर्वांनी मानला.

साग हे नाव संस्कृतातील 'शाक' या शब्दापासून आले. भाजीसही संस्कृतात शाकच म्हणतात, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या भाषांतरांत भाजीचे मंचक आणि भाजीची कवाडे आम्ही पुष्कळ पाहिली. वराहमिहिराने बृहत्संहितेत पलंग व आसने यांसाठी जे वृक्ष प्रशस्त म्हणून सांगितले त्यांत शाक आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात तर नावेच्या लाकडाचे चार वर्ण कल्पिले आहेत: हलके व मऊ ते ब्राह्मण, हलके व कठीण ते क्षत्रिय, जड व मऊ ते वैश्य, जड व कठीण ते शूद्र, आणि नाव बांधावी ती क्षत्रिय लाकडाची, असा त्याचा अभिप्राय. लाकडासही जात चिकटविण्याची ही हौस आज कोणास रुचणार नाही. पण तिच्या पोटात जे निरीक्षण आहे ते खरे आहे. वजनाच्या मानाने बळकटी अधिक असणे हाच नावेच्या लाकडाचा मुख्य गुण, आणि तो सागात उत्कृष्ट आढळतो. त्याच ग्रंथात समुद्रावर जाणाऱ्या नावेस लोखंडाचे बंध देऊ नयेत, पाण्यातील चुंबकपाषाण ते ओढून घेतील, असेही सांगितले आहे. चुंबकाने नाव ओढल्याचे कोणी पाहिलेले नाही. परंतु लोखंड आणि लाकूड यांचे वैर अगदीच काल्पनिक नव्हे. विलायतेतील ओक लाकडात असे आम्ल असते की त्यातील लोखंडी खिळा काही वर्षांत गंजून खलास होतो. सागाच्या अंगी तेल असल्यामुळे त्यात ठोकलेला खिळा पुष्कळच टिकतो. जहाजे बांधणाऱ्यांस साग प्रिय झाला त्याचे हे एक मोठे कारण.

कोकणात आंग्र्यांची गुराबे आणि गलबते याच लाकडाची असत. विजयदुर्गाजवळ गिऱ्ये येथील खाडीत मराठ्यांची गोदी होती, तिचे अवशेष आजही दिसतात. मुंबईस लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून सन १७३६ मध्ये आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या इंग्रजांस जहाजे बांधून दिली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत इंग्लंडातील ओकची राने विरळ झाली, तेव्हा तिकडच्या आरमारानेही मुंबईकडे धाव घेतली. १८१३ मध्ये मुंबईस तयार झालेल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह सह्या होऊन पुरा झाला. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती दोनशे वर्षांनंतर आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तिचा मोठा जीर्णोद्धार १९९० पासून २००१ पर्यंत चालला होता. तिचे लाकूड मलबारचे. जहाजांच्या भुकेने मलबारचा साग इतका आटला की १८४० नंतरच्या दशकात तेथील कलेक्टर कॉनॉली यांस नीलांबूर येथे मुद्दाम सागाची लागवड करावी लागली. आमच्या औंढा-सेनगावकडच्या डोंगरांतही साग आहे, पण तो खुरटा. मोठ्या तुळईचा साग म्हणजे किनवटकडचा, नाहीतर चांदा-आलापल्लीचा. सन २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेले ते त्याच चंद्रपूर-गडचिरोली भागातून.

आता मुख्य विषयाकडे वळू. सागाची निगा राखावयाची म्हणजे त्यास काय लावावे, असाच प्रश्न जो तो विचारतो. आमच्या मते पहिला प्रश्न, त्यावरून काय काढू नये, हा आहे. सागाच्या गाभ्यात तेल आहे, रबरासारखा एक चिकट अंश आहे, वाळवीस अप्रिय असे टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य आहे, आणि रंध्याच्या पात्याची धार पाहता पाहता घालविणारी बारीक सिलिका आहे. ही सर्व सामग्री झाडाने स्वतःच भरून ठेवलेली असते. उन्हापावसात उघडे पडलेले सागवान वर्ष-दोन वर्षांत करडे होते. पाहणाऱ्यास वाटते की लाकूड मेले. वस्तुतः सूर्यकिरणांनी अगदी वरचा पापुद्रा तेवढा बदललेला असतो. नखाने किंचित खरवडले तर आत पूर्वीचाच सोनेरी तपकिरी रंग दिसतो. हा करडा पापुद्रा नाहीसा करण्याच्या नादात लोक दरवर्षी लाकूड घाशीत बसतात. इंग्रजी आरमारात खलाशांस गुडघे टेकून दगडांनी डेक पांढरे शुभ्र घासावयास लावीत. प्रार्थनेच्या त्या आसनावरूनच की काय, त्या दगडास पवित्र दगड असे नाव पडले. डेक शुभ्र होई आणि दर वर्षी पातळही होई. फळी एकदाच जाड असते.

नावेस पाण्यापासून भय आहे ही समजूतही अर्धवट आहे. सदैव पाण्याखाली असलेले लाकूड कुजत नाही, सदैव कोरडे असलेलेही कुजत नाही. कुजते ते ओल आणि वारा यांच्या सीमेवरचे. खिळ्याचे भोवताल, पाटाच्या टेकणाखालची खाच, तळाच्या कोपऱ्यात साचलेले पावसाचे पाणी, ही खरी संकटाची स्थाने. समुद्राच्या पाण्यातील मीठ बुरशीस आवरते; आमच्या गोड्या पाण्यात ती सोय नाही. उलट समुद्रातील लाकूड पोखरणारा किडा आमच्याकडे नाही, म्हणून कोकणातल्याप्रमाणे तळास चुना आणि तेल यांचा लेप देण्याचा खटाटोप आम्हांस करावा लागत नाही. पण मराठवाड्यातील वैशाख हा कोणत्याही किड्याहून भयंकर. पारा चाळिसाच्या वर चढला असता उघड्यावर ओढून ठेवलेली नाव आठ दिवसांत अशी सुकते की फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचे दिसू लागते. म्हणून चैत्राच्या अखेरीस आम्ही तिच्या पोटात धोंडे घालून तिला कमरेइतक्या पाण्यात चक्क बुडवून ठेवतो. नवख्या पाहुण्यास हे पाहून धक्का बसतो. आमच्या एका जावईबापूंनी तर नाव बुडाली म्हणून गावकऱ्यांस हाका मारल्या होत्या. भोई लोक पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले आहेत. पाण्यात लाकूड फुगून सांधे आपोआप मिटतात.

सांधे भरण्याविषयी त्या गोदाकाठच्या भोयाने सांगितलेली एक गोष्ट आमच्या वडिलांनी आम्हांस नेहमी ऐकविली. सुतार कापूस ठासून भरू लागला, तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री, शंभर वर्षं कोरडं ऱ्हायलेलं लाकूड हाय हे. आत्ता ठासाल तर पाण्यात फुगून खिळे उपटील. त्याला फुगायला जागा ठेवा." त्याप्रमाणे आम्ही आजही कापसाची सैल वात वळून ती सांध्यात बसवितो, आणि वरून राळ व जवसाचे तेल एकत्र कढवून केलेला लेप भरतो. जुन्या सुरत-मुंबईकडील कारागीर एका फळीच्या कडेत दुसरीची कड खाचेने अडकवीत आणि मध्ये कापूस व राळच घालीत. आमच्या नावेस तशा खाचा नाहीत; गाडीच्या सुताराकडून तेवढी अपेक्षा करणेही गैर होते.

दुरुस्तीचा महिना मार्गशीर्ष. ऊन सौम्य असते, हवा कोरडी असते, लाकूड हळूहळू वाळते. आंब्याच्या सावलीत नाव उपडी घालून दहा दिवस नुसती राहू द्यावी. मग धुणे. धुण्यास रिठ्याचे पाणी आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी याहून उत्तम साधन आम्हांस आढळले नाही. घासावयाचे ते रेषांच्या आडवे, हलक्या हाताने. सागाच्या रेषांत एक मऊ व एक कठीण असे थर असतात. रेषांच्या दिशेने तारेचा ब्रश चालविला की मऊ थर उकरून निघतो व लाकूड धुण्याच्या दगडासारखे खाचाखाचांचे होते. हल्ली मोटारी धुण्याचे जोरदार फवाऱ्याचे यंत्र निघाले आहे, त्याचाही परिणाम हाच. धुण्याचा सोडा अजिबात वापरू नये. तो तेल काढतो आणि लाकूड काळवंडवितो. खिळ्यांभोवतीच्या काळ्या डागांस लिंबाचा रस चोळून पाहावा. डाग हट्टी असेल तर ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात फार सौम्य मिसळून लावावे व भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. पण ते विषारी आहे, हातांत रबरी मोजे असावेत आणि भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये.

तेलाविषयी मतभेद आहेत. सागास स्वतःचे तेल असता वरून आणखी तेल कशाला, असे म्हणणारे जाणते लोक आहेत, आणि बाहेरच्या अंगापुरते आमचेही मत तेच. आतील बाजूस आणि पाटास मात्र आम्ही वर्षातून एकदा उकळलेले जवसाचे तेल, निम्मे टर्पेंटाईन मिसळून, कापडाने पातळ पुसतो, आणि पाव तासाने जे वर राहिले असेल ते सर्व कोरड्या कापडाने टिपून काढतो. तेल दाट राहिले तर ते चिकट होते, धूळ धरते, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरून सारे काळे पडते. शेंगदाण्याचे तेल लावण्याचा मोह टाळावा, कारण ते कधी वाळतच नाही. आणि येथे गृहिणींस एक कळकळीची सूचना: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून अडगळीत टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता सुटते, चिंध्यांच्या गोळ्यात ती कोंडते, आणि काडी न लावता आग लागते. चिंध्या पसरून उन्हात वाळवाव्यात अथवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. घरी झोपाळा वा देव्हारा तेलाने पुसणाऱ्यांसही ही सूचना तितकीच लागू आहे.

गेल्या दिवाळीत मात्र या सर्व व्यवहाराविषयी घरात मोठाच प्रश्न उपस्थित झाला. पलीकडच्या तीराची शेती आता वाट्याने करावयास दिली आहे. नावेचा नित्य उपयोग कमी झाला. अशात एका विश्रामगृहाच्या मालकाने ती विकत मागितली. घासूनपुसून, चकचकीत करून, बागेत शोभेसाठी मांडावी असा त्याचा बेत. देऊ केलेली रक्कम लहान नव्हती, आणि आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी कन्येचे लग्न ठरले आहे. त्यांनी विक्रीचा विषय काढला यात त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. थोरल्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास अभियंता आहेत. त्यांचा विचार निराळा. नाव विकू नये, परंतु घासण्याचे विजेचे यंत्र आणून ती स्वच्छ सोनेरी करावी, वर उत्तम व्हार्निशचे आठ हात द्यावेत, म्हणजे "काका, वाड्याचं लाकूड मुळात कसं होतं ते आमच्या पोरांना दिसेल तरी."

त्यांच्या बोलण्यात प्रेम होते, म्हणून आम्ही लगेच नाही म्हटले नाही. व्हार्निश ही वाईट वस्तू नव्हे. नीट लावलेल्या व्हार्निशखाली सागाचे सौंदर्य जसे खुलते तसे दुसऱ्या कशानेही खुलत नाही. पण त्याचे नियम कडक आहेत. सागाचे तेल व्हार्निशला धरू देत नाही, म्हणून प्रथम लाकूड थिनरने पुसून लगेच पहिला हात द्यावा लागतो, तोही पातळ करून. प्रत्येक हातानंतर बारीक काचकागद फिरवावा, धूळ टिपावी, मग पुढचा हात. ऊन सोसणारे खास व्हार्निश हवे. घरातील फर्निचरचे अथवा लाखेचे पॉलिश येथे कुचकामाचे, लाख तर पाणी लागताच पांढरी पडते. आणि इतके करून दरवर्षी, जुना थर तडकण्यापूर्वीच, नवा हात द्यावा लागतो. एक वर्ष चुकले, कोठे केसाएवढी भेग पडली, की पाणी आत शिरते आणि व्हार्निशच त्यास बाहेर पडू देत नाही. मग पापुद्रे सुटतात, खाली काळे डाग पडतात, आणि पुन्हा मुळापासून घासणे आले. वैशाखात बुडवून ठेवावयाच्या नावेस हे व्रत झेपणारे नाही.

याचा अनुभव आमच्या नावेने एकदा घेतला होता. वीसेक वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याने तिला निळा तेलरंग फासला. दोन पावसाळ्यांत तो फोडांसारखा उठला. काढण्यासाठी त्याच गृहस्थाने लोखंडी खरवडणी चालविली, ती गणेशपट्टीवरूनही. तेव्हापासून गणपतीची सोंड, ज्याने पूर्वी पाहिली आहे त्यालाच दिसते. आमच्या नातवंडांस ती बोट फिरवून दाखवावी लागते.

शेवटी आम्ही पुतण्यास म्हटले, "बाळ, वाद नको. आधी मोजून पाहू." नाव बांधताना सुताराने प्रत्येक खिळ्याचे डोके फळीत पाव इंच खोल बुडवून त्यावर सागाचीच चकती बसविली होती, जेणेकरून लोखंडास पाणी लागू नये. यंत्राने फळी सोनेरी करावयाची तर किती घासावे लागेल, आणि चकत्या किती शिल्लक आहेत, एवढाच प्रश्न होता. एक सैल झालेली चकती पटाशीने उचलून त्यांनी आपल्या मोजपट्टीने मोजली. पाव इंचापैकी निम्मीच उरली होती. रंगाऱ्याच्या खरवडणीने बाकीची नेली होती. तळाच्या काही चकत्या तर कागदासारख्या झाल्या आहेत. यंत्र फिरले असते तर दुपारपर्यंत शेकडो खिळ्यांची डोकी उघडी पडली असती. अभियंता मनुष्य आकड्यापुढे नमतो, हा त्या विद्येचा मोठा गुण आहे. तो काही वेळ तसाच नावेच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मग काका, ही अशी करडीच राहू द्यायची?"

उत्तर आमच्या थोरल्या वहिनींनी दिले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. या घरात त्या आल्या तेव्हा वाडा उभा होता आणि त्या झोपाळ्यावर बसून त्यांनी वाती वळल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अरे, झोपाळ्याला कोणी कधी रंग लावलेला मी पाहिला नाही. आम्ही बसून बसूनच तो चकाकायचा. विकून टाकलीत, तर तिथं बसणार कोण?" यावर धाकटे बंधू काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितले की लग्नाचे पाहू, नावेस गिऱ्हाईक पुढल्या वर्षीही मिळेल. म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे, वर्षभर लांबला. आम्ही मात्र त्याच संध्याकाळी पुतण्याबरोबर बसून लग्नखर्चातील आमच्या दोन्ही घरांचा वाटा ठरविला आणि तो कागद धाकट्या बंधूंच्या हाती दिला.

पुतण्याची व्हार्निशची हौसही अगदी वाया जाऊ दिली नाही. त्यास आम्ही दोन्ही वल्ही दिली. वल्हे घरी भिंतीस टांगून ठेवता येते, वैशाखात बुडवावे लागत नाही, आणि दरवर्षी एक हात देणे अवघड नाही. त्याने सुटीचे चार दिवस आणि पुढे दोन रविवार खर्चून त्यांस सात हात दिले. मुलांस बरोबर घेऊन, प्रत्येक हातामध्ये काचकागद फिरवून, ओसरीत धूळ उडू नये म्हणून केरसुणीसही बंदी करून. आता त्या वल्ह्यांत मधाचा रंग उतरला आहे आणि लाकडाच्या रेषा आतून पेटल्यासारख्या दिसतात. मुठीकडचा हातभर भाग मात्र कोराच ठेवावयास सांगितला, कारण व्हार्निश लावलेल्या मुठीने तळहातास फोड येतात. गणेशपट्टीस कोणी हात लावलेला नाही. ती फक्त तेलाच्या कापडाने पुसली. तळाच्या झिजलेल्या चकत्यांपैकी एकोणीस बदलून झाल्या. उरलेल्यांसाठी जुन्या वाड्यातील एका दाराची मोडकी पट्टी सुताराकडे दिली आहे, आणि पाटाखालचा डावीकडील सांधा पुढल्या मार्गशीर्षात पुन्हा उकलून भरावयाचा आहे.